हिरव्या उताराचा भूगोल कसा वाचावा : आल्प्समधील होफाट्स पर्वताची पायरीपायरीने ओळख

सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या मनात एक हिशोब नकळत पक्का झालेला असतो : कातळ आला की जपायचे आणि गवत आले की हुश्श करायचे. दिवाळीनंतरच्या वाळक्या गवतावरून जे एकदा तरी घसरले आहेत, त्यांना हा हिशोब पुरता खरा नाही हे ठाऊक असते. तो साफ उलटा करणारा डोंगर जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला, आल्गॉय आल्प्समध्ये, ओबर्स्टडॉर्फ या गावाच्या आग्नेयेस उभा आहे. त्याचे नाव होफाट्स. उंची २,२५९ मीटर, म्हणजे आल्प्सच्या मानाने बेताचीच. पण पायथ्यापासून चारही शिखरांच्या माथ्यापर्यंत तो गवताने मढलेला आहे आणि ते गवत काही ठिकाणी साठ ते सत्तर अंशांच्या उतारावर तगून आहे. जिथे माती टिकू नये असे वाटते तिथे ती टिकली आहे, आणि जिथे पाय टिकेल असे वाटते तिथे तो टिकत नाही.

म्युनिक किंवा श्टुटगार्ट परिसरात राहणारी अनेक मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी ओबर्स्टडॉर्फला जातात. म्युनिकहून रेल्वेने सुमारे अडीच तासांत तिथे पोहोचता येते. त्यांच्यासाठी आणि नकाशा पसरून घरबसल्या डोंगर वाचण्याची आवड असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. होफाट्स चढावा कसा, हे येथे सांगितलेले नाही. तो समजून कसा घ्यावा, आणि समजून घेतल्यावर बहुतेकांनी त्याच्या माथ्याकडे न जाता त्याच्याभोवती का फिरावे, हे सांगितले आहे.

पहिली पायरी : समोरच्या डोंगरावरून पाहणे

कोणताही डोंगर त्याच्या अंगावर उभे राहून नीट दिसत नाही. होफाट्सच्या बाबतीत समोरची जागा आयती मिळते. ओबर्स्टडॉर्फहून नेबेलहॉर्न या २,२२४ मीटर उंचीच्या शिखराकडे रोपवे जातो. तो १९३० साली सुरू झाला. वाटेतल्या १,९३२ मीटर उंचीवरच्या स्थानकाचे नावच ‘होफाट्सब्लिक’, म्हणजे होफाट्सचे दर्शन, असे आहे. तिथून दक्षिणेकडे पाहिले की मधली ओयटाल नावाची खोल दरी आणि तिच्या पलीकडे होफाट्सची उत्तर बाजू दिसते.

येथे घाई करू नये. एक वही काढावी आणि डोंगराची बाह्यरेषा हाताने रेखाटावी. चित्र चांगले येण्याची गरज नाही. हाताने रेष ओढताना डोळा जे टिपतो ते कॅमेऱ्याच्या खटक्यात टिपले जात नाही. प्रथम आकाशरेषा काढावी : चार शिखरे आणि त्यांच्यामधल्या खोल बेचक्या. मग शिखरांवरून खाली उतरणाऱ्या धारा काढाव्यात. त्या सह्याद्रीतल्या सोंडांसारख्या रुंद पाठीच्या नसतात. कागद घडी घालून उभा करावा तशा त्या दोन्ही बाजूंनी ताणलेल्या आणि वर पात्यासारख्या निमुळत्या असतात. मग धारांमधल्या घळी काढाव्यात, आणि शेवटी जिथे हिरव्यात करडे किंवा लालसर पट्टे दिसतात त्या जागांवर खुणा कराव्यात. या खुणांचा उपयोग पुढे होणार आहे.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. भर दुपारी ही उत्तर बाजू सपाट हिरव्या पडद्यासारखी दिसते आणि उताराचा काहीच अंदाज येत नाही. उन्हाळ्यातल्या सकाळी आणि सायंकाळी तिरपा प्रकाश पडतो, तेव्हा प्रत्येक दांडाची सावली शेजारच्या घळीत उतरते आणि पडद्याच्या चुण्या मोजता येतात.

नजर थोडी वर उचलून मागच्या क्षितिजाकडेही पाहावे. तिथे ट्रेटाखश्पिट्से (२,५९५ मीटर), मेडेलेगाबल (२,६४५ मीटर) ही मुख्य रांगेतली शिखरे दिसतात. ती करडी, खडकाळ आणि जवळजवळ उघडी आहेत. त्यांच्या पुढ्यातला होफाट्स मात्र हिरवा आहे. शेजार एकच, पाऊस एकच, मग एवढा फरक का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

दुसरी पायरी : नकाशावर उतार मोजणे

जर्मन अल्पाइन क्लबने प्रसिद्ध केलेले या भागाचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे या कामासाठी उत्तम आहेत. त्यांवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात आणि दर १०० मीटरची रेषा ठळक असते. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर आडवे अंतर होते. म्हणून दोन ठळक रेषांमधले अंतर मिलिमीटरपट्टीने मोजले की उताराचा कोन लगेच काढता येतो. अंतर ७ मिलिमीटर असेल तर उतार सुमारे ३० अंश, ५ मिलिमीटर असेल तर सुमारे ३९, ४ मिलिमीटर असेल तर बरोबर ४५, ३ मिलिमीटर असेल तर ५३ आणि २ मिलिमीटर असेल तर ६३ अंश. हे आकडे नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवावेत, कारण दरीत उभे असताना कोणी टॅन्जंट काढत बसत नाही.

आता होफाट्सच्या माथ्यापासून खाली चारही दिशांना एकेक सरळ रेघ ओढावी आणि तिच्यावर प्रत्येक शंभर मीटरच्या टप्प्यातला कोन लिहावा. या अभ्यासातून डोंगराचा स्वभाव समोर येतो. पायथ्याजवळच्या कुरणांचा उतार सोसवण्यासारखा असतो, पण वर जाल तसा तो वाढत जातो. सह्याद्रीत बहुधा याच्या उलट होते : खाली दाट रान आणि चढण, मध्ये उभा कडा, आणि वर पठार किंवा माची, जिथे पाठ टेकता येते. होफाट्सवर वर पोहोचल्यावर पाठ टेकायला जागाच नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगितलेल्या बऱ्या. समोच्च रेषा लहान कडे गिळून टाकतात. वीस मीटरपेक्षा कमी उंचीचा कातळाचा पट्टा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो आणि गवताळ उतारावर तो वरून पाहणाऱ्याला शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही. दुसरे असे, की मोबाइलवरच्या नकाशांमध्ये उताराचे रंगीत थर असतात, पण ते हिमस्खलनाचा विचार करून बनवलेले असतात. त्यांत ३० ते ४० अंशांमधला फरक बारकाईने दाखवतात आणि त्यापुढचे बहुतेक सगळे एकाच गडद रंगात कोंबतात. स्की करणाऱ्याला तेवढे पुरते. गवताळ डोंगर वाचणाऱ्याला ४२ आणि ६२ अंश एकाच रंगात दिसून काहीच उपयोग नाही, म्हणून पट्टीच बरी.

प्रत्यक्ष जागेवर पडताळा घ्यायचा तर चालायच्या दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक काठी उतारावर सरळ उभी धरावी आणि दुसरी तिच्या वरच्या टोकापासून डोंगराच्या दिशेने आडवी धरावी. आडव्या काठीचे टोक नेमके जमिनीला टेकले तर उतार ४५ अंशांचा. टोक पूर्ण पोहोचण्याआधीच जमीन आडवी आली तर त्याहून जास्त. टोक हवेतच राहिले तर कमी. ही चाचणी वाटेच्या कडेला, सुरक्षित जागी उभे राहूनच करावी.

तिसरी पायरी : खडकाकडून उत्तर मागणे

वहीत लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर खडकात आहे. मागची करडी शिखरे मुख्यतः डोलोमाइटची आहेत. हा खडक सुमारे २१ ते २२ कोटी वर्षांपूर्वीचा, ठिसूळ, सहज भेगाळणारा आहे. तो झिजला की त्याचे खडे होतात, माती होत नाही. खड्यांत पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबत नाही तिथे गवताचे बी रुजत नाही. म्हणून त्या शिखरांच्या पायाशी घसाऱ्याचे मोठमोठे पंखे पसरलेले दिसतात.

होफाट्सचा खडक निराळा आहे. तो खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या पातळ थरांच्या चुनखडकाचा आणि मार्लचा, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या मऊ चुनखडकाचा, बनलेला आहे. हे थर ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात आणि क्रेटेशियसच्या सुरुवातीस, ढोबळमानाने १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वी, साचले. यातल्या चुनखडकाला भूवैज्ञानिक अॅप्टायकस चुनखडक म्हणत आले आहेत, कारण त्यात अॅमोनाइट या शिंपल्यासारख्या कवचाच्या समुद्री प्राण्याच्या जबड्याचे अवशेष, म्हणजे अॅप्टायकस, सापडतात. त्याच्याबरोबर रेडिओलराइट हा लालसर, कठीण, गारगोटीसारखा खडक येतो. तो सूक्ष्म समुद्री जीवांच्या सिलिकायुक्त कवचांपासून बनलेला आहे. दुरून दिसलेले लालसर पट्टे येथे आठवावेत.

मार्ल झिजते तेव्हा तिची चिकण माती होते आणि ती पाणी धरून ठेवते. कठीण सिलिकायुक्त थर मात्र झिजायला तयार नसतात. पर्वत घडताना हे सगळे थर दाबले गेले, दुमडले आणि अनेक ठिकाणी जवळजवळ उभे झाले. परिणाम असा, की कठीण थरांनी डोंगराला कण्यासारखे ताठ उभे ठेवले आणि मऊ थरांनी त्याच कण्यावर मातीचा थर पुरवला. एक खडक उतार देतो, दुसरा गवत देतो. दोन्ही एकमेकांत इतके बारीक विणलेले आहेत, की साठ अंशांवरही कुरण तयार होते. याच जातीचे डोंगर या परिसरात आणखी आहेत : हिमेलहॉर्न, आणि २,२६८ मीटर उंचीचा श्नेक, ज्याची पश्चिम बाजू गवताची आणि पूर्व बाजू सरळसोट कड्याची आहे. आल्गॉयमध्ये अशा डोंगरांना ‘गवती डोंगर’ असा स्वतंत्र शब्दच रूढ आहे.

सह्याद्रीशी तुलना येथे खरोखर उपयोगी पडते. आपल्याकडचे बेसॉल्टचे थर लाव्ह्याच्या प्रवाहांनी बनले आणि बहुतांशी आडवेच राहिले. त्यामुळे कडा आणि पदर असे जिने तयार झाले, आणि गवत प्रामुख्याने पदरांवर वाढले. होफाट्सवर जिना नाही. थरच उभे असल्यामुळे पायरी पडण्याची सोयच उरलेली नाही.

आणखी एक गंमत नकाशावरून सुटते, पण भूशास्त्रीय नकाशावर सापडते. मागच्या रांगेतला डोलोमाइट वयाने जुना असूनही होफाट्सच्या नव्या थरांच्या वर सरकून आलेला आहे. आल्प्स घडताना खडकांच्या प्रचंड चादरी दक्षिणेकडून उत्तरेकडे एकमेकींवर ढकलल्या गेल्या. होफाट्स खालच्या चादरीचा आहे आणि करडी शिखरे वरच्या चादरीची. म्हणूनच एका नजरेच्या टप्प्यात दोन वेगळे डोंगर दिसतात.

चौथी पायरी : पाण्याचा आणि बर्फाचा माग काढणे

होफाट्सच्या उत्तरेला ओयटाल आणि दक्षिणेला डीटर्सबाखची दरी आहे. दोन्हींचे पाणी ट्रेटाख नदीत जाते. ट्रेटाख, श्टिलाख आणि ब्राइटाख मिळून ओबर्स्टडॉर्फच्या उत्तरेला इलर नदी होते, आणि इलर उल्म शहराजवळ डॅन्यूबला मिळते. नकाशावर हे निळ्या पेन्सिलीने गिरवावे, म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांचे पाणी शेवटी एकाच खोऱ्यात कसे येते ते दिसते.

या दऱ्या नद्यांनी सुरू केल्या असल्या तरी त्यांना आजचा आकार हिमयुगातल्या हिमनद्यांनी दिला. ओयटालचा तळ रुंद, सपाट आणि दोन्ही भिंती उभ्या आहेत. हे हिमनदीचे काम. डीटर्सबाखची दरी मात्र ट्रेटाखच्या दरीपेक्षा वरच्या पातळीवर लटकलेली राहिली. तिच्या तोंडाशी गेर्स्टरूबन ही वाडी १,१५४ मीटरवर आहे, आणि तिथून ओढा होलटोबेल नावाच्या अरुंद घळीतून धबधब्यांनी खाली कोसळतो. लटकती दरी म्हणजे काय हे पुस्तकात वाचण्यापेक्षा येथे पाहणे सोपे.

आल्गॉय हा आल्प्सचा वायव्येकडून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांना पहिल्याने भिडणारा भाग आहे. ओबर्स्टडॉर्फला वर्षाकाठी सुमारे १,८०० मिलिमीटर पर्जन्य होते. महाबळेश्वरच्या साडेपाच हजार मिलिमीटरपुढे हा आकडा किरकोळ वाटेल; पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि येथला बाराही महिने पाऊस किंवा बर्फ होऊन पडत राहतो, उन्हाळ्यात तर सर्वाधिक. त्यामुळे गवत सहसा तहानलेले राहत नाही, आणि त्याच कारणाने ते क्वचितच पूर्ण कोरडे असते.

बर्फाचा भूगोल उन्हाळ्यातही वाचता येतो. गवताचे लांब पाते हिवाळ्यात उताराच्या दिशेने आडवे पडते आणि कौलारू छपरासारखी गुळगुळीत बैठक तयार होते. तिच्यावर साचलेला बर्फ जमिनीला चिकटत नाही. खाली ओल मिळाली की अख्खा थर हळूहळू सरकतो आणि कधी एकदम सुटतो. सरकताना तो गवताचे गड्डे मुळासकट ओढतो. उन्हाळ्यात हिरव्या उतारावर जे मातकट, सोललेले चट्टे दिसतात ते बरेचदा अशा सरकत्या बर्फाचे आणि त्यानंतरच्या मुसळधार पावसाचे असतात. वहीतल्या चित्रावर केलेल्या करड्या खुणा आता पुन्हा पाहाव्यात : त्यांतल्या काही खडकाच्या निघतील आणि काही जखमांच्या.

पूर्वी या भागातले शेतकरी अशा उभ्या कुरणांवरही विळ्याने गवत कापत, बुटांना लोखंडी काटे बांधून. वाळलेले गवत नंतर खाली आणले जाई. कापलेल्या गवताचे खुंट आखूड आणि खरखरीत राहतात, त्यामुळे बर्फ घसरण्यास अडथळा होतो. कापणी थांबली तिथे पाते लांब वाढले आणि सरकण्याचे प्रमाण वाढले. डोंगराच्या भूगोलात माणसाच्या विळ्याचाही वाटा असतो तो असा.

पाचवी पायरी : गवताची भाषा

गवत म्हणजे एकच गवत नव्हे, आणि येथे थोडे रेंगाळणे फायद्याचे आहे, कारण पाय ठेवण्याआधी जमिनीबद्दल सांगणारी हीच एक गोष्ट समोर असते.

होफाट्ससारख्या चुनखडकाच्या उतारांवर दोन जातींचे लव्हाळे मुख्यत्वे भेटतात. ऊन लागणाऱ्या, कोरड्या, पातळ मातीच्या उतारावर झुपक्याझुपक्याने वाढणारे लव्हाळे असते. त्याच्या प्रत्येक झुपक्यामागे माती अडते आणि लहान पायऱ्या पडत जातात, म्हणून असा उतार जिन्यासारखा दिसतो. झुपका जिवंत आणि घट्ट असेल तर त्याच्या वरच्या अंगाला टाच टेकता येते. ओलसर, खोल मातीच्या आणि बर्फ जास्त काळ राहणाऱ्या उतारावर दुसरे लव्हाळे येते. त्याच्या फुलोऱ्याचा रंग गंजासारखा असतो. ते झुपके करत नाही, जमिनीत धुमारे पसरवते, आणि त्याची लांब पाती उताराच्या दिशेने लोंबत राहतात. हा उतार मऊ गालिच्यासारखा दिसतो आणि पाय घसरण्याच्या दृष्टीने अधिक वाईट असतो. जिना दिसला तर जपून, गालिचा दिसला तर नकोच, एवढे ध्यानात ठेवावे.

घळींमध्ये हिरव्या अल्डरची झुडपे दाटलेली दिसली तर तिथे ओल आहे आणि बर्फाचे लोट येत असतात असे समजावे. ही झुडपे बर्फाखाली वाकतात, मोडत नाहीत, म्हणून जिथे इतर झाडे उभी राहू शकत नाहीत तिथे ती तगतात. गोठ्यांच्या आसपास मोठ्या पानांचा डोंगरी चुका माजलेला असेल तर तिथे गुरे बसतात आणि शेणखताने माती भारावलेली आहे. आणि खडकाच्या कोरड्या कपारीत पांढरट लोकरी एडेलवाइस दिसले, तर ते पाहावे आणि सोडून द्यावे. टोपीत खोचण्यासाठी या फुलाची इतकी तोड झाली, की १९३० च्या दशकापासून डोंगरी बचाव दलाचे स्वयंसेवक होफाट्सवर उन्हाळाभर त्याची राखण करीत, आणि हे काम अनेक दशके चालले. जर्मनीत ते संरक्षित आहे आणि हा सारा परिसर १९९२ पासून वीस हजारांहून अधिक हेक्टरांच्या निसर्ग संरक्षित क्षेत्रात मोडतो.

उतारावर आडव्या जाणाऱ्या बारीक वाटा दिसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. सह्याद्रीत ढोरवाटेने चकवलेल्या माणसाला हे सांगायला नको. येथल्या ढोरवाटा गुरांच्या आणि त्याहून वर गेम्झे या चपळ रानबकऱ्यांच्या असतात. गेम्झेची वाट जिथे संपते तिथे गेम्झे उडी मारते.

सहावी पायरी : उजवी प्रदक्षिणा

आता चालायचे. होफाट्सभोवती एक दिवसाची खुणा केलेली वाट आहे. ओबर्स्टडॉर्फहून (८१३ मीटर) ओयटालमधून पूर्वेकडे, मग खिंड ओलांडून दक्षिणेकडे, मग डीटर्सबाखच्या दरीतून पश्चिमेकडे आणि परत. डोंगर सतत उजव्या हाताला राहतो, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. अंतर वीस किलोमीटरहून अधिक, चढाई सुमारे हजार मीटर आणि वेळ थांबण्यासह आठ तासांचा धरावा. जूनच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ साधारणपणे योग्य. त्याआधी खिंडीच्या सावलीतल्या उतारांवर जुना बर्फ राहतो. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा-गडगडाट होण्याची शक्यता असते, म्हणून सकाळी सातपर्यंत निघावे आणि खिंड दुपारच्या आत ओलांडावी.

ओयटालचा पहिला भाग सपाट आणि सोपा आहे. तो भरभर उरकावा, मात्र मान वर करून भिंतींकडे पाहत राहावे. दरीच्या वरच्या टोकाला श्टुईबनफाल हा धबधबा येतो. हिमनदीने खोदलेल्या दोन पातळ्यांमधली ती पायरी आहे. ती चढून गेल्यावर सुमारे १,४०० मीटरवर केझरआल्पे हे उन्हाळी गुराखी केंद्र लागते. येथे खाण्यापिण्यासाठी थांबावे आणि नकाशा काढून उजवीकडच्या उताराचे कोन आपण लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. बहुतेकांचा डोळ्यांचा अंदाज खालून पाहताना कमी आणि शेजारून पाहताना जास्त निघतो.

केझरआल्पेपासून वाट वळणे घेत एल्पेलेझाटल या १,७८० मीटर उंचीच्या खिंडीकडे चढते. या टप्प्यात वाटच तुम्हाला गवताच्या दोन्ही जाती दाखवते. कोरड्या वळणावर झुपके आणि ओल्या वळणावर गालिचा, असे आलटूनपालटून येत राहतात. खिंडीत पोहोचल्यावर होफाट्सचा पूर्व माथा वायव्येला जेमतेम पाचशे मीटर उंच उरतो, आणि येथेच मोह होतो. गवतात पुसटशी पायवाटही दिसते. ती वर जाते, हे खरे आहे.

या ठिकाणी हिशोब शांतपणे मांडावा. कातळावर हात धरता येतो, खिळा ठोकता येतो, दोर अडकवता येतो. उभ्या गवतावर दोर अडकवायला भरवशाची जागा नसते. दोराने बांधलेला एक घसरला तर दुसऱ्याला बरोबर नेतो. ४५ अंशांच्या उतारावर वजनाचा सुमारे ७१ टक्के ओढा उताराच्या दिशेने असतो आणि ६० अंशांवर तो ८७ टक्के होतो. ओले गवत त्याला जवळजवळ काहीच विरोध करत नाही, आणि पावसाळी जॅकेटचे नायलॉन तर मुळीच नाही. चढताना डोळ्यांसमोर उतार असतो, उतरताना समोर दरी असते, आणि तेच पाऊल निराळे वाटते. या डोंगरावर जीव गेलेल्यांमध्ये अनुभवी माणसेही आहेत. आखूड दांड्याची आइसअॅक्स, बुटांचे काटे आणि अशाच उतारांवरचा वर्षांचा सराव असलेली स्थानिक मंडळी कोरड्या दिवशी वर जातात. हे तिन्ही नसेल, किंवा आदल्या रात्री पाऊस पडला असेल, किंवा सकाळचे दव अजून उतरले नसेल, तर खिंडीतूनच डोंगर पाहावा. शरद ऋतूत वाळून आडवे पडलेले गवत दवाविनाही तितकेच घसरडे असते, हे आपल्याकडच्या अनुभवाने पटावे.

चुकून वाटेबाहेर गेलात आणि पुढे-मागे दोन्ही अवघड वाटू लागले, तर हालचाल थांबवावी, डोंगराकडे तोंड करून बसावे आणि ११२ वर फोन करावा. फोन लागत नसेल तर एका मिनिटात सहा वेळा सारख्या अंतराने हाक, शिट्टी किंवा प्रकाशाची खूण करावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. उत्तर मिळाले तर ते मिनिटाला तीन खुणांचे असते.

खिंडीतून पलीकडे उतरताना सूर्य डोक्यावरून पुढे सरकलेला असतो आणि होफाट्सची दक्षिण बाजू पूर्ण उजेडात येते. उत्तरेपेक्षा ती कोरडी, पिवळसर आणि अधिक खडबडीत दिसेल. येथे झुपक्यांचे लव्हाळे जास्त आहे, कपारी जास्त आहेत, आणि कठीण थरांचे उभे दांड गवतातून बाहेर आलेले स्पष्ट दिसतात. दुर्बीण असेल तर डीटर्सबाखआल्पेजवळ (१,३२५ मीटर) बसून थरांचा कल पाहावा. कुठे ते सरळ उभे, कुठे दुमडून परत फिरलेले आहेत. या एका बैठकीसाठी अर्धा तास राखून ठेवावा, मग पुढची चाल थोडी वेगात करावी लागली तरी हरकत नाही.

गेर्स्टरूबनला काळवंडलेल्या लाकडांची जुनी घरे आणि लहानसे चॅपल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथली वस्ती उठली आणि घरे राहिली. घरांची जागा निरखून पाहावी : ती दरीच्या तोंडाजवळ, सौम्य उतारावर आहेत, बर्फाचे लोट कुठे येतात हे इथे राहणाऱ्यांना नकाशाशिवाय ठाऊक असले पाहिजे. येथून वर पाहिले की होफाट्सची पश्चिमेकडची शिखरे अगदी जवळ आणि अरुंद दिसतात. सकाळच्या किंवा आदल्या दिवशीच्या रेखाटनाशेजारी याच डोंगराची पश्चिम बाजू काढून ठेवावी. दोन चित्रांतले एखादे शिखर ओळखता आले नाही तर नकाशावरून पडताळावे; चार माथे बाजू बदलली की एकमेकांमागे लपतात आणि पहिल्यांदा जाणारा हमखास एक कमी मोजतो.

गेर्स्टरूबनहून खाली ट्रेटाखच्या दरीत उतरायला दोन पर्याय आहेत. होलटोबेलच्या घळीतली वाट धबधब्यांच्या कडेने जाते, ती कोरड्या हवेतच घ्यावी. पाऊस लागला असेल तर रस्त्याने उतरावे. खाली पोहोचल्यावर नदीच्या कडेने ओबर्स्टडॉर्फपर्यंतची चाल सपाट आहे, आणि संध्याकाळची म्युनिकची गाडी पकडायची असेल तर गेर्स्टरूबनहून निघताना दोन तास हाताशी ठेवावेत.